पूरग्रस्तांसाठी भरीत-पुरी : यावलकडच्या आचाऱ्यांचा अनुभव

जळगाव-भुसावळ भागात कुणाला मदतनिधीसाठी जेवणाचा कार्यक्रम ठेवायचा असेल तर पहिला प्रश्न हाच येतो की आचारी कोण सांगायचे, म्हणून आमच्या कॉलनीने डिसेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी जो भरीत-पुरीचा कार्यक्रम केला त्यातल्या आचाऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितोय. यावल तालुक्यातली टीम आहे, मुख्य आचारी म्हणजे साठीकडे झुकलेले अण्णा, सोबत त्यांचा पुतण्या, दोन भाजणारे पोरं आणि पुऱ्या लाटायला सात-आठ बाया. दुकान नाही, बोर्ड नाही, सगळं ओळखीवर चालतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

आधी थोडं कार्यक्रमाबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, सोलापूर त्या सगळ्या पट्ट्यात जो पूर आला तो आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला, सीना नदीचं पाणी गावात शिरलं, जमिनी खरवडून गेल्या, गोठ्यातली जनावरं दावणीला बांधलेली तशीच गेली. पहिल्या पंधरा दिवसांत चारी बाजूंनी मदत गेली, धान्याची किट, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, ब्लँकेट. पण नंतर काय? डिसेंबर उजाडला तेव्हा बातम्या संपलेल्या होत्या आणि तिकडच्या माणसाकडे जनावराला टाकायला कडबा नव्हता कारण तो पुरातच वाहून किंवा कुजून गेला. आमच्या कॉलनीतल्या एका ताईंचं माहेर परांडा तालुक्यातलं, त्यांच्याकडूनच कळलं की आता कपडे आणि तांदूळ नकोत, चारा पाहिजे आणि शाळेतल्या पोरांना वह्या-दप्तरं पाहिजेत. आपल्याकडे मका भरपूर, मुरघास म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा करणारेही आहेत, म्हणून ठरलं की पैसे गोळा करायचे आणि मुरघासाच्या गोण्या नि शाळेचं सामान एकाच आयशर ट्रकने पाठवायचं.

आता जेवण कशाचं ठेवायचं यावर आमच्याकडे मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली, कुणी म्हणे वरण-बट्टी आणि गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कुणी म्हणे शेवभाजी. पण डिसेंबर म्हणजे चंपाषष्ठी होऊन गेलेली, बामणोदकडची हिरवी-पांढरी वांगी बाजारात आलेली, आणि खान्देशी माणूस या दिवसांत भरीताच्या नावाने घराबाहेर पडतोच पडतो. जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय २०१६ मध्ये, म्हणजे बाहेरून बदलीवर आलेली बँकेतली, रेल्वेतली माणसंसुद्धा नाव ऐकून येतात. भरीत ठरलं आणि भरीत म्हटल्यावर माणूस भरीतवालाच पाहिजे, लग्नाचा केटरर चालत नाही. गॅसवर भाजलेलं भरीत मी खाल्लंय, त्याला ना वास ना चव.

आम्ही आधी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती. एका केटररने फोनवरच सांगितलं, भाऊ पुण्याचं काम आहे, एक रुपया घेणार नाही, फक्त माझा मोठा बॅनर लावा. सगळे खूष. मग दोन दिवसांनी त्याचा फोन आला की किराणा तुम्ही भरा, अजून दोन दिवसांनी गाडीभाडं तुम्ही द्या, मग भांड्यांचं भाडं, आणि शेवटी बेरीज केली तर नेहमीच्या रेटच्या जवळ गेलं, वरून बिल नाहीच कारण काम "फुकट" आहे ना. मदतनिधीच्या कामात ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. ज्याचं बिल नाही त्याचा हिशेब लोकांना काय दाखवणार, आणि दाखवला नाही तर पुढच्या वेळी वर्गणी मागायला दारात कोण उभं करेल?

अण्णांशी पहिलं बोलणं झालं ते त्यांच्या ओट्यावर बसून. त्यांनी विचारलं किती पानं, कार्यक्रम कशासाठी, जागा मोकळी आहे का. मग हातातल्या वहीवर मांडलं, माणशी अर्धा किलो कच्चं वांगं, पुरीचं पीठ इतकं, तेल इतकं, शेंगदाणे, खोबरं, लसूण, मिरची, पातीचा कांदा. सगळं वेगवेगळं लिहिलं. आमच्यातल्या एकाने भीड घालून पाहिली की अण्णा पूरग्रस्तांचं काम आहे, काही तरी सोडा. त्यावर ते म्हणाले, "मले काही नको भाऊ, माही मजुरी नका धरू, पण बायायची रोजी त द्याच लागीन." बास, तिथेच आमचं पक्कं झालं. कारण त्या बाया सकाळपासून वाफेत बसून पुऱ्या लाटणार, त्यांच्या घरी पण चूल पेटायची असते, तिकडच्या गरिबाला मदत करताना इकडच्या गरिबाची रोजी बुडवायची हे मला तरी पटत नाही. अण्णांनी स्वतःची मजुरी सोडली ती त्यांची इच्छा, आणि ती त्यांनी वहीत तशी लिहून दिली, म्हणजे आम्हाला तीही देणगी म्हणून दाखवता आली. पान पडलं १४० रुपयाला, रेट शेवटपर्यंत बदलला नाही.

कुपन आम्ही २५० चं ठेवलं आणि कुपनावरच छापलं की यातले १४० जेवणाचे, ११० मदतीचे. बरेच लोक "सर्व रक्कम पूरग्रस्तांना" असं छापतात आणि जेवणाचा खर्च त्यातूनच करतात, ते बरोबर नाही, लोकांना सरळ सांगितलं तर लोक उलट जास्त देतात. आमच्याकडे कितीतरी जणांनी कुपन घेऊन वर वेगळे पैसे दिले. काहींनी विचारलं की ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवायची पावती मिळेल का, तर बाबांनो जेवणाच्या कुपनावर तशी सवलत नसते, ज्यांना जुन्या कररचनेत सवलत घ्यायचीय त्यांनी मुख्यमंत्री सहायता निधीत थेट ऑनलाइन भरावं, तिथे पूर्ण रकमेवर मिळते, आणि २००० च्या वर रोख देऊ नका, रोख दिलेल्याला सूट मिळत नाही. अजून एक, कुणीही उठून पेटी फिरवायची नसते, नोंदणी नसेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच, अर्ज ऑनलाइन होतो. आमच्याकडे ते मंडळाच्या सेक्रेटरींनी आधीच करून ठेवलं होतं म्हणून बरं.

आता मुख्य गोष्ट, कार्यक्रमाचा दिवस. टीम सकाळी उजाडायच्या आत मैदानावर हजर, कपाशीच्या पराट्यांची म्हणजे वाळलेल्या काड्यांची ट्रॉली आदल्या रात्रीच टाकून ठेवली होती. भाजणं बघण्यासारखं असतं हो. वांग्याला तेलाचा हात लावून, टोचे मारून, पराट्यांच्या जाळावर टाकतात आणि ते पोरं लांब काठीने सारखी फिरवत राहतात, एकही वांगं एका बाजूने जळालेलं नाही. मग गरम गरमच सोलतात, बाजूला पाण्याचं भगोनं, त्यात बोटं बुडवायची आणि साल ओढायची, पण वांग्याला पाणी लागू द्यायचं नाही. अण्णांचं त्यावर बारीक लक्ष, एका पोराने सोललेलं वांगं पाण्यात बुचकळलं तर त्यांनी ते ढिगातून काढून बाजूला ठेवलं, म्हणे धुतलं की धुराचा वास गेला, मग राहिलं काय. नंतर बडगीत टाकून कुटायचं, लाकडाच्या त्या बडगीत कुटलेल्या भरीताला जी तार येते ती मिक्सरला जन्मात येणार नाही. अर्धं भरीत कच्चं ठेवलं, नुसतं वरून शेंगदाण्याचं तेल, मिरची-लसणाचा ठेचा आणि पात घालून, अर्ध्याला फोडणी, त्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. सोबत पुरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कढी, मुळा, पातीचा कांदा. ज्यांना वांगं चालत नाही त्यांच्यासाठी गंगाफळाची भाजी. चवीला दहापैकी दहा, इथे काही बोलायलाच नको, फोडणीच्या भरीतापेक्षा कच्चं आधी संपलं यावरून समजून घ्या.

पण मला सगळ्यात जास्त जे आवडलं ते जेवण उरकल्यावर. आम्ही थकून खुर्च्या टाकून बसलेलो आणि अण्णा पुतण्याला घेऊन आले, हातात तीच वही. वांगी किती किलो आणली, किती निवडून बाजूला काढली, पीठ किती लागलं, सगळं वाचून दाखवलं, आणि तेलाचा एक १५ किलोचा डबा न फोडलेला तसाच समोर आणून ठेवला, हा दुकानदाराला परत करा आणि पैसे तुमच्या निधीत घ्या. कुणी मागितला नव्हता. त्या गर्दीत तो डबा त्यांच्या टेम्पोत गेला असता तर आम्हाला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचं बिल, मुरघासवाल्याचं बिल, वह्यांचं बिल, आयशरचं भाडं, सगळ्याचे फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकले आणि मंडळाच्या फलकावर चिकटवले, तेलाच्या डब्याचे परत आलेले पैसे पण त्यात दाखवले. एरवी वर्गणी म्हटली की दार न उघडणारे एक काका फलकासमोर चष्मा लावून बेरीज तपासत होते, आणि नंतर त्यांनी स्वतःहून दोन गोण्यांचे पैसे आणून दिले.

आता अर्धा स्टार कशाला कापला ते. पार्सलची यांना बिलकुल सवय नाही. मदतीच्या कार्यक्रमात निम्मे लोक कुपन घेतात पण बसून जेवत नाहीत, डबा घेऊन जातात, त्यांच्यासाठी अण्णांनी साध्या पिशव्या आणल्या होत्या, कढी सांडली, पुऱ्या वाफेने मऊ पडल्या, आणि पार्सलवाल्यांची आणि पंगतीची रांग एकच असल्याने साडेबाराच्या सुमाराला चांगलीच रेटारेटी झाली. म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागलं. डबे वेगळे सांगा आणि पार्सलचं टेबल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावायला लावा, आधी सांगितलं तर ते करतात, नाही सांगितलं तर त्यांच्या डोक्यात ते येत नाही. हात धुवायच्या पाण्याची जबाबदारी पण ते घेत नाहीत, टँकर तुमचा तुम्हाला सांगावा लागतो.

आणि धूर. पराट्यांचा धूर भरपूर होतो, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हे काम होणारच नाही, मोकळं मैदान किंवा गावाबाहेरचं शेतच पाहिजे. शेजारी दम्याचं कुणी असेल तर आधी जाऊन बोलून या, आम्ही दोन घरी बोलून आलो होतो आणि त्यांनी सकाळी नातेवाईकांकडे जायची सोय केली होती. लाऊडस्पीकर आम्ही ठेवला पण बारीक आवाजात, फक्त आकडा सांगायला, किती कुपनं गेली नि किती गोण्यांचे पैसे जमले. दर तासाला तो आकडा ऐकून लोक टाळ्या वाजवायचे, पोरं तर उड्या मारायची. भाषणं ठेवलीच नाहीत, फक्त त्या ताईंनी माहेरच्या गावाबद्दल थोडंसं सांगितलं, पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता आणि तुळशीवृंदावन तेवढं उभं होतं, एवढंच बोलल्या आणि त्यांना पुढे बोलवेना. मैदानावर पूर्ण शांत. आम्ही त्यानंतर लगेच पंगत बसवली.

एक सांगतो, जुने कपडे आणून देणारे याही वेळी आले आणि त्यांना आम्ही हात जोडून परत पाठवलं. वाईट वाटलं त्यांना. पण २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, घालण्यासारखे नसलेले कपडे आपद्ग्रस्त माणसाला देणं हा त्याचा अपमान आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा तिकडे फोन करून विचारा काय पाहिजे, आणि तेवढंच पाठवा. गाडी अजिंठ्याच्या घाटाने संभाजीनगर, बीड करत गेली, सोबत आमचे दोघं जण होते, गोण्या गावातल्या लोकांनीच यादीप्रमाणे वाटल्या, ज्याची जनावरं जास्त त्याला जास्त. आपण फोटो काढत एकेकाच्या हातात द्यायची पद्धत आम्ही मुद्दाम टाळली.

ज्यांना अण्णांना सांगायचंय त्यांच्यासाठी : चंपाषष्ठी ते संक्रांतीच्या दरम्यानचे रविवार फार लवकर भरतात, दिवाळी झाली की लगेच इसार देऊन टाका. २०० पानांच्या खाली ते येत नाहीत कारण बायांचा आणि टेम्पोचा खर्च निघत नाही. पराट्या तुमच्याच एखाद्या शेतकऱ्याकडून मिळवल्या तर पानामागे थोडे पैसे वाचतात. उन्हाळ्यात भरीत सांगू नका, वांग्याला ती चव नसते आणि ते स्वतःच नाही म्हणतात, तेव्हा वरण-बट्टी करून देतात, ती मी खाल्लेली नाही त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. नंबर इथे टाकत नाही, ज्याला पाहिजे त्याने पर्सनलला मेसेज करा, कार्यक्रम कशासाठी आहे ते पण लिहा, अण्णा ते पहिलं विचारतात.