किमिया खजूर रिव्ह्यू: इफ्तारच्या कढईला सुट्टी

यंदा रमजानला अजवा नाही, मेडजूल नाही, सरळ किमियाचे डबे आणले मशीद बंदरच्या होलसेल बाजारातून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे किमिया म्हणून जो मिळतो तो इराणचा मजाफती खजूर, केरमान प्रांतातल्या बमकडचा, काळपट, मऊ, ओलसर, पाच-सहाशे ग्रॅमच्या पुठ्ठ्याच्या डब्यात येतो. अजवा मदिनेचा, त्याचा मान मोठा आणि भावही तसाच. मेडजूल दिसायला एक नंबर पण महिनाभर घरातल्या सगळ्यांना पुरवायचा म्हणजे खिशाला कात्री, आणि पिवळा सुका जाहिदी अम्मीच्या दातांना झेपत नाही. म्हणून किमिया.

खायची पद्धत महत्त्वाची आहे हां. डबा फ्रिजमध्येच ठेवायचा आणि असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज झाली की बाहेर काढायचा, थंडगार खाल्ला तर चवच लागत नाही. थोड्या वेळाने साल सैल होते, बोटाने नुसतं दाबलं की बी निसटून बाहेर येते. प्रत्येक खजूर मधोमध उघडून आत कीडबीड नाही ना बघायचं हा अम्मीचा कायदा, आणि हे काम अजानच्या आधीच उरकायचं कारण अजान झाल्यावर कोणाला धीर असतो! तीन खजूर, वर ग्लासभर साधं पाणी घोटघोट, आणि उठून मगरीबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, पण हाच क्रम आहे, पैगंबर साहेब (स.) आधी ताजे खजूर घ्यायचे, नसतील तर सुके, तेही नसतील तर पाण्याचे घोट, आणि मग नमाज. आमच्याकडे हा क्रम सगळ्यांना पाठ आहे, फक्त मधे भजी घुसतात.

आता रोज्याचा शरीराला काय फायदा ते. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये सहेरी (पहाटेचं खाणं) ते इफ्तार (रोजा सोडणं) साधारण तेरा तास होतात. (हो, पाणीसुद्धा नाही. दरवर्षी ऑफिसात कोणीतरी विचारतंच.) लिव्हरमध्ये साठवलेली साखर दिवसभरात उतरत जाते, मग शरीर चरबी वापरायला लागतं, पोटाला आराम मिळतो, आणि दिवसभर येताजाता तोंडात टाकायची सवय आपोआप तुटते. चहाबाजांचं डोकं पहिले काही दिवस ठणकतं पण तो कॅफिन सुटल्याचा त्रास, नंतर जातो. खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयारच असतं त्यामुळे तरतरी पटकन येते, शिवाय पोटॅशियम आणि फायबर. पण म्हणून डाएटची गोष्ट समजून डबा संपवू नका, मेडजूलसारख्या खजुरात १०० ग्रॅमला २७७ कॅलरी आणि ६६ ग्रॅम साखर असते, किमियाही गोडच आहे.

आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, की २०१६ चं नोबेल रोज्याच्या फायद्यांना मिळालं, तसं काही नाहीये. योशिनोरी ओसुमींना ते मिळालं पेशी स्वतःचाच जुना माल मोडून परत कसा वापरतात त्या कामासाठी, आणि त्यांनी ते यीस्टवर केलं होतं. वजनाचंही तसंच, महिन्यात थोडं उतरतं आणि ईदनंतर बहुतेकांचं हळूहळू परत येतं. कुरआनात रोज्याचं कारण तकवा सांगितलंय, म्हणजे अल्लाहचं भान ठेवून स्वतःला आवरणं. जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, ही बुखारी ह्या हदीससंग्रहातली हदीस वाचली की कंबरेचा घेर मोजायचा उत्साह तसाही कमी होतो.

मला ह्या खजुराचा खरा फायदा कुठे झाला सांगू, किचनमध्ये. आमच्याकडे काय किंवा तुमच्याकडे काय, घरच्या बाईचा रोजा असरनंतर कढईसमोर जातो, कांदाभजी, समोसे, कटलेट, वर सरबत, फ्रूट चाट, आणि बाकी मंडळी दस्तरखानावर बसून घड्याळ बघतायत. इफ्तारच्या आधीची वेळ दुआ कबूल होण्याची मानतात, आणि त्या वेळी आपल्या हातात झारा! मग तळलेलं पोटभर खाऊन आडवं व्हायचं आणि तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजच्या, वीस रकातींना (आवर्तनांना) पेंगायचं, एकादशी अन् दुप्पट खाशी ती हीच. यंदा मी जाहीर करून टाकलं, खजूर, पाणी, फळ, नमाज, आणि त्यानंतर तांदळाची भाकरी आणि कालवण, ज्याला भजी हवीत त्याने स्वतः तळावीत. पहिले काही दिवस तोंडं वाकडी झाली. पण किमिया पोटात गेला की खाखा खरंच शमते, नमाज पढून परत येईपर्यंत भजीची आठवण निम्मी झालेली असते. मला ती असर ते मगरीबची वेळ मिळाली, जानमाजवर बसून कुरआन वाचायला, कधी कधी नुसतं गप्प बसायला. पावकिलो तेल कमी लागलं ते वेगळंच.

अब्बांना डायबिटीस आहे. त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या, स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. इफ्तारला त्यांना एकच खजूर. बोटातून रक्त काढून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे अजून बऱ्याच वडीलधाऱ्यांना पटत नाही, पण ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायचाच असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट कुरआनातच दिलेली आहे, हट्ट कशाला करायचा.

तक्रारी पण आहेत. डब्याच्या तळाचे खजूर दबून चिकटलेले निघतात, बोटं चिकट होतात म्हणून शेजारी ओला रुमाल ठेवा. फ्रिजबाहेर राहिला तर आंबूस वास येतो. एक डबा मी ऑनलाइन मागवलेला, तो बहुतेक जुना स्टॉक होता, साल सुटून वर साखरेची खर जमलेली, दुकानात जाऊन पॅकिंगची तारीख बघून घेतलेलेच चांगले निघाले. भाव चंद्र दिसायच्या आधीच चढायला लागतो, शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यातच, घेऊन ठेवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या चिकटपणाचा कापला. दोन डबे मुद्दाम मागे ठेवलेत, पाळीत राहिलेले रोजे कजा करायचेत, म्हणजे नंतर भरून काढायचेत, आणि जमलं तर रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा ऐच्छिक रोजे पण.