सोनं धुवायचं हिरवं पॅन: वर्षभर वापरून सांगते

माती-वाळू पाण्यात धुऊन सोन्याचे कण वेगळे करायचं १४ इंची हिरवं प्लास्टिकचं पॅन, दोन चाळण्या, लोहचुंबक, भिंग आणि कण ओढून घ्यायची छोटी बाटली. ऑनलाइन मागवलं, सगळं मिळून १,६५० रुपये. जाहिरातीच्या फोटोत पॅनमध्ये हरभऱ्याएवढे सोन्याचे खडे दाखवलेत. रत्नागिरीत राहून त्या आशेवर घेणार असाल तर नका घेऊ. आपल्याकडे वर जांभा, खाली काळा बेसाल्ट. सोनं असतं ते कर्नाटकातल्या कोलार-हट्टीकडच्या फार जुन्या खडकांत, गारगोटीच्या शिरांमधून. शिवाय विनापरवाना खनिज शोधायला कायद्याची मनाई आहे.

मी घेतलं ते वेगळ्याच मातीसाठी. माझं माहेर राजापूरचं, सोनाराचं. आजोबांच्या वेळी झारेकरी यायचे, दुकानातली केरमाती विकत न्यायचे आणि धुऊन त्यातून सोनं काढायचे. यंदा पेढीच्या खोलीतली सारवणाची जमीन उकरून फरशी बसवायची ठरली. ती माती रस्त्यावर टाकायला माझा जीव होईना.

आधी हात बसवायला हवा होता. सोनं पाण्याच्या १९ पट जड, शिसं ११ पट. शिसं पॅनमध्ये टिकलं तर सोनं टिकणारच, म्हणून मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या मण्याचे वीस बारीक तुकडे कापून पुळणीच्या वाळूत मिसळले. काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू सरावाला उत्तम, कारण ती जड असते आणि तळाशी चिवटपणे बसते. घमेल्यात पाणी, पाण्याखाली पॅन, आडवं जोरात हलवायचं म्हणजे जड ते खाली बसतं. मग पॅन पुढे कलतं करून वरची वाळू हळूच वाहू द्यायची. पॅनच्या आतल्या खाचा पलीकडच्या बाजूला असल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी वीसपैकी अकराच तुकडे राहिले. पंधरा दिवसांनी एकोणीस. वाळू जिथली तिथे परत टाकली, शिसं मात्र एकेक वेचून घरी आणलं. शिसं हाताळल्यावर हात नीट धुवा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. नव्या पॅनला साच्याचं तेल असतं. त्यामुळे बारीक कण बुडायच्या ऐवजी पाण्यावर तरंगतात आणि वाळूबरोबर निघून जातात. भांडी घासायच्या साबणाने पॅन दोनदा घासलं, घमेल्यातही साबणाचा एक थेंब टाकला, मग कण खाली बसायला लागले.

बाटली मात्र टाकाऊ. तिसऱ्याच दिवशी नळी सुटली. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही. डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरवर काम भागतं.

राजापुरात तीन बादल्या माती धुवायला दोन दिवस लागले. पाठ भरून आली, बोटं सुरकुतली. कोळसा आणि राख आधी गेली. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं तर कानशीचं लोखंड केसांसारखं चिकटून वर आलं. उरलं चमचाभर काळं. ते पॅनमध्ये सावकाश गोल फिरवलं आणि काळ्याच्या मागे पिवळी शेपटी उमटली. नऊ कण. मी श्वास रोखून बसले होते.

बाबा ८१ वर्षांचे. त्यांनी प्रत्येक कण सुईने दाबला, एकही तुटला नाही, सगळे चपटे झाले. मग काचेवर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा थेंब. दोन कण हिरवे फेसाळून विरघळले, ते पितळ. सात तसेच राहिले. बाबा बराच वेळ भिंगातून बघत होते. म्हणाले, ‘‘हा वळलेला दिसतो ना, तो कानशीचा कीस. आणि हा गोल मणी मुशीतून, सोनं वितळवायच्या भांड्यातून उडालेला. ओततानाच उडतो असा. हा तुझ्या आजोबांच्या हातचा असणार, मी बागेसरीजवळ, सोनाराच्या शेगडीजवळ बसायला लागलो तेव्हा मूस त्या कोपऱ्यात नव्हती.’’

सातही कण मिळून घरच्या तराजूचा काटा हलला नाही. बाजारभावाने पॅनचेही पैसे वसूल होणार नाहीत. ज्यांच्या घरी जुनी पेढी आहे, त्यांनी पॅन जरूर घ्यावं, भिंग वेगळं चांगलं घ्यावं. सोबतचं फार मंद आहे, बाबांनी स्वतःचंच वापरलं.

कण पाण्याच्या कुपीत घालून देव्हाऱ्यात ठेवलेत. पायरीखालची माती अजून धुवायची राहिलीय. बाबांनी ती पोत्यात भरून ठेवायला सांगितलंय, येत्या शनिवारी मी पॅन घेऊन जाणार आहे.