व्होल्वो ट्रकच्या 'लाइव्ह टेस्ट' जाहिराती: खऱ्या की खोट्या?

हॉलिवूडचा ॲक्शन हिरो व्हॅन डॅम, त्याची ती व्होल्वोची दोन ट्रकवाली जाहिरात कोणी फॉरवर्ड केली की एकजण तरी म्हणतोच, "ग्राफिक्स आहे रे सगळं." नाहीये ग्राफिक्स. 2013 ची जाहिरात, स्पेनमधल्या बंद विमानतळाच्या धावपट्टीवर, भल्या पहाटे, एका टेकमध्ये घेतलेली. दोन्ही ट्रक खरंच रिव्हर्समध्ये चाललेत आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस दोन्हीकडच्या आरशांजवळ पाय रोवून सावकाश पूर्ण स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन पाय दोन बाजूंना सरळ ताणून, जातोय. असा स्टंट सेफ्टीची तयारी केल्याशिवाय कोणी करत नाही, पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

पुन्हा बघाल तेव्हा त्याचे पाय सोडा, दोन ट्रकमधलं अंतर बघा. इंचाइंचानं वाढतं, कुठे हिसका नाही, कुठे एक ट्रक पुढे एक मागे नाही. ट्रक रिव्हर्स घेताना एका सरळ रेषेत ठेवणं काय असतं ते ड्रायव्हर लोकांना विचारा. आणि विकायचं होतं नेमकं तेच, डायनॅमिक स्टिअरिंग, ज्यात इलेक्ट्रिक मोटर सेकंदाला 2000 वेळा स्टिअरिंग सावरत असते. स्टंट खोटा असता तर दाखवायला काही उरलंच नसतं.

याच 'लाइव्ह टेस्ट' सिरीजमधला हॅमस्टरवाला (हॅमस्टर म्हणजे उंदरासारखा पाळीव प्राणी) पण मस्त, स्टिअरिंगवर चाक बसवून त्यात तो इवलासा प्राणी सोडलाय, ड्रायव्हर गाजर दाखवेल तिकडे तो पळतो आणि ट्रक खाणीतला रस्ता चढतो. पण माझा फेव्हरेट टेक्निशियनवाला! कंपनीचाच इंजिनिअर मानेपर्यंत जमिनीत गाडून घेतो आणि ट्रक त्याच्या डोक्यावरून जातो, का तर खाली 30 सेंटीमीटर जागा आहे हे दाखवायला. दोन धावत्या ट्रकमध्ये बांधलेल्या दोरीवर चालणाऱ्या मुलीची जाहिरात बघताना श्वास अडकतो खरा, पण त्यात कौतुक ट्रकपेक्षा तिचंच जास्त, म्हणून तिला एक स्टार कमी.

आता संशय घेणाऱ्यांचंही चुकत नाही. निसानच्या फ्रंटिअर पिकअपची जाहिरात आठवा, वाळूच्या टेकडीवर अडकलेल्या बग्गीला पिकअप ढकलत वर नेतो. मोबाइलवर शूट केल्यासारखी हलती, त्यामुळे जास्तच खरी वाटायची. 2014 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं सांगितलं की दोन्ही गाड्या केबलनं ओढल्या होत्या आणि टेकडीही होती त्यापेक्षा उभी दाखवली होती. जे विकत होते तेच खोटं, ही सरळ फसवणूक झाली.

आणि व्होल्वोनंही हे केलंय! 1990 मध्ये टेक्सासला एक मॉन्स्टर ट्रक, म्हणजे अवाढव्य चाकांचा ट्रक, गाड्यांच्या रांगेवरून नेला, बाकी सगळ्या चेपल्या, व्होल्वोची कार तेवढी शाबूत. आतून लाकूड आणि लोखंड लावून तिचं छत मजबूत केलेलं, बाकीच्या गाड्यांचे छत पेलणारे खांब कापलेले. टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनं पकडल्यावर जाहिरात मागे घ्यावी लागली. त्याच नावाच्या कंपनीनं पुढे स्वतःचा इंजिनिअर चाकांच्या मधे गाडून दाखवला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

टेक्निशियन आणि व्हॅन डॅम, दोघांनाही पाचपैकी पाच. आधी टेक्निशियनवाला बघा.