लीजच्या नव्या गाडीत रिव्हर्स कॅमेराच नाही: बाहेरून बसवायचा की कंपनीकडे मागायचा?

कोटेशनमध्ये कॅमेरा आहे, दारात आलेल्या गाडीत नाही. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत दोन खांबांमध्ये गाडी लावणाऱ्याला ही उणीव पहिल्याच संध्याकाळी टोचते. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. म्हणून तक्रार नियमावर नाही, तर कोटेशन आणि करारावर उभी राहते.

बाहेरून बसवणं झटपट होतं, ॲक्सेसरीवाला त्याच दिवशी काम करून देतो. पण गाडी लीज कंपनीच्या मालकीची! लेखी परवानगीशिवाय वायरिंगला हात लावलात, तर गाडी परत देताना भरपाई मागितली जाऊ शकते आणि त्या भागाची वॉरंटीही अडू शकते. शिवाय पैसे तुमचे जातात आणि डीलरची चूक झाकली जाते, याचा मला खरंच राग येतो.

कंपनीकडे मागणी करून घ्यायला चिकाटी लागते, तरी मी हाच मार्ग सुचवेन. कोटेशन, व्हेरियंटचं नाव आणि डॅशबोर्डचे फोटो जोडून लीज कंपनी आणि डीलर दोघांना एकाच ईमेलवर घ्या, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. गाडी ऑफिसमार्फत असेल तर एचआरलाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये मूळ पार्ट, गाडी बदलून किंवा मासिक भाड्यात कपात, यांतलं काय हवं ते स्पष्ट लिहा. हप्ता मात्र थांबवू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.