आतल्या टायरची हवा कोण बघतंय?

आमच्या गाडीला सहा टायर आहेत, आणि त्यातल्या दोघांकडे पहिली दोन वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मागच्या डबल चाकांतले आतले दोन. बाहेरचा टायर दिसतो, त्याला लाथ मारता येते, पान्याने ठोकता येतं. आतल्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालायचा तर कोपरापर्यंत काळं व्हावं लागतं, आणि पंपावरचा पोरगा ते कशाला करेल?

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, आत घर करून घेतलेली. दोन पलंग, छोटा ओटा, गॅस, शंभर लिटरची पाण्याची टाकी. चालवतात आमचे हे, मी डाव्या सीटवर. तीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली, संध्याकाळी रुपयान् रुपया जुळल्याशिवाय उठायचं नाही ही खोड अंगात मुरली आहे. त्यामुळे गाडीतलं डिझेलचं, टोलचं आणि आता हवेचं खातंही माझ्याच वहीत असतं.

हवेचं खातं उघडलं ते एका एप्रिलात. पंढरपूरहून घरी सोलापूरला परत येत होतो, मोहोळच्या पुढे, दुपारचे दोन. मागून असा आवाज आला की मला वाटलं सिलिंडर गेला. गाडी डावीकडे ओढली, यांनी ब्रेक न दाबता हळूहळू कडेला घेतली. डावा आतला टायर फाटला होता, आणि बाहेरचाही बाजूने सोलून निघाला होता. आतल्याची हवा बहुतेक कितीतरी दिवस कमी होती. शेजारी भरलेला टायर असतो, तो भार उचलतो, गाडी कलत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याला काही कळतच नाही. अर्धवट हवेचा टायर चालताना जास्त दबतो, दबून तापतो, फुगलेल्या पोटाने शेजाऱ्याला घासतो, आणि शेवटी दोघेही जातात. त्या दिवशी सकाळीच हवा ‘चेक’ करून निघालो होतो. चार टायरांना काटा लावला होता आणि आतल्या दोघांना पाना मारून ‘ओके आहे’ असा निकाल मिळाला होता. दहा रुपये बक्षीसही दिले होते.

म्हणून टायरची हवा दाखवणारं यंत्र घेतलं. सहा सेन्सर आणि एक डिस्प्ले, ऑनलाइन, साडेनऊ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं भांडणार आहे, आणि शिवाय याच साच्यातली यंत्रं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात.

घेताना एकच गोष्ट नीट पाहिली आणि तिथेच वाचलो. कारसाठीची स्वस्त यंत्रं पहिल्यांदा समोर येतात. त्यातली बरीचशी कारच्या हवेपुरतीच असतात. आमच्या मागच्या टायरांना 65 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) लागते, गरम झाल्यावर त्याहून बरीच वर. तेव्हा सेन्सर जास्तीत जास्त किती दाब मोजतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळी मर्यादा लावता येते का, हे आधी वाचा. रंगीत स्क्रीन नंतर. नव्या कारमध्ये काही ठिकाणी सेन्सर नसतोच, एबीएसवरून, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेवरून, कुठलं चाक जास्त फिरतंय ते पाहून हवा कमी झाल्याचा अंदाज लावतात. आमच्यासारख्यांना ते उपयोगाचं नाही, जोडीतली दोन्ही चाकं एकत्रच फिरतात.

रिमच्या आत बसणारे सेन्सर चांगले, चोरीची भीती नाही, पण बसवायला सहाही टायर खोलावे लागतात. आणि पुढे कधी आडगावी पंक्चर झालं, तर तिथला माणूस पट्टी घालून टायर उचकटताना तुमचा सेन्सर सांभाळेल याची हमी कोण देणार? आम्ही व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे घेतले. बोराएवढे दिसतात. आत घड्याळासारखा गोल सेल, 1632 नंबरचा, तो आपला आपल्याला बदलता येतो.

बसवायला होटगी रोडच्या आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने सेन्सर तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं हलवला आणि म्हणाला, “काकू, हे रबरी व्हॉल्व्हवर बसवू नका ओ. चाक फिरताना हे बाहेर ओढतंय, रबर मुळाशी चिरतंय.” मला वाटलं गिऱ्हाईक गाठलंय. पण त्याने पुढच्या चाकाचा जुना व्हॉल्व्ह दोन बोटांनी वाकवून दाखवला, तर बुडाशी केसाएवढ्या चिरा पडलेल्या, उन्हाने रबर कडक झालेलं. त्यावर सेन्सरचं ओझं घातलं असतं तर हवा राखायला आणलेल्या यंत्रानेच हवा घालवली असती. पितळी व्हॉल्व्ह घातले, मागच्या आतल्या चाकांना टोक बाहेर यावं म्हणून धातूची पक्की नळी बसवली. मजुरीसकट दीड हजार गेले. माझ्या मते अख्ख्या खरेदीतला सगळ्यात शहाणा खर्च तो.

तरी एक गडबड झालीच. तिसऱ्या दिवशीपासून पुढचा उजवा रोज सकाळी दोन-दोन पीएसआय कमी दाखवायला लागला. टायर पाण्यात बुडवला, काही नाही. शेवटी यांनी भांडी घासायच्या साबणाचा फेस सेन्सरवरच लावला, तर तिथे बारीक बुडबुडा. सेन्सर आटे चुकवून तिरका बसला होता. काढून सरळ फिरवला, थांबलं. तेव्हा बसवल्याबरोबर सहाही ठिकाणी फेस लावून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता आकडे. यंत्र घरी आलं तेव्हा त्यात कारचेच आकडे भरलेले होते, त्यामुळे सुरू केल्या-केल्या सहाही चाकं जास्त हवेसाठी ओरडायला लागली. आपली हवा किती असायला हवी हे यंत्राला माहीत नसतं, ते आपण सांगायचं. दाराजवळच्या पट्टीवर कंपनीचा आकडा असतो, पण कंपनीने त्यात पलंग आणि ओटा धरलेला नव्हता. म्हणून पाण्याची टाकी भरून, गाद्या-भांडी-तांदूळ सगळं घेऊन मार्केट यार्डाकडच्या वजनकाट्यावर गेलो, कांद्याच्या गाड्यांच्या रांगेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. काटेवाल्याने विचारलं, “माल काय आहे?” हे म्हणाले, “संसार.” त्या वजनावरून टायर कंपनीच्या तक्त्यात पाहून पुढे 60 आणि मागे 65 ठरवलं. हे आमचे आकडे आहेत, तुमचे तुम्ही काढा. खालचा इशारा मागच्यांना 55 वर, वरचा 80 वर, तापमानाचा 75 अंशांवर ठेवला.

हे सगळे आकडे थंड टायरचे, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचे. सोलापुरात ‘थंड’ हा शब्द एप्रिल-मेमध्ये जरा जपूनच वापरावा लागतो. आमची गाडी गल्लीत उत्तरेकडे तोंड करून उभी असते. सकाळी आठला पाहिलं तर उजवी चाकं डाव्यांपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त. पहिल्या आठवड्यात मी वहीत लाल शाईने गोल केला. मग लक्षात आलं, उजव्या बाजूला कोवळं ऊन पडतं. आता साडेसहाला, ऊन यायच्या आत आकडे घेते, आणि सहाही जुळतात.

चालायला लागलं की आकडे चढतात, आणि नवखा माणूस इथेच घाबरतो. 65 पीएसआयच्या टायरमधली हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण अडीच-पावणेतीन पीएसआयने वाढतो, कारच्या टायरमध्ये हीच वाढ दीडच्या आसपास असते. सकाळी 27 अंशांना 65 असलेला टायर आत 52 अंशांपर्यंत तापला की 71-72 दाखवणारच. अशा वेळी ढाब्यावर थांबून ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. तापलेल्या टायरची हवा 65 वर आणली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो 59 वर बसलेला सापडेल.

यंत्राने पैसे वसूल केले ते नळदुर्गजवळ. मुलाकडे हैदराबादला निघालो होतो, पहाटे साडेपाचला, सहाही बरोबर. बोरामणीपर्यंत सगळे आपापल्या गतीने चढत होते. नळदुर्ग मागे पडलं तेव्हा डावा बाहेरचा 71 आणि डावा आतला 70. मी पेन उघडलं, कारण आतल्याला वारा लागत नाही, तो नेहमी बाहेरच्याहून एखाद-दुसरा पॉइंट वरच असतो. पंधरा मिनिटांनी आतला 68. पुढच्या पंधरा मिनिटांनी 66. बाहेरचा 71 वरून 72 वर.

यंत्र गप्प होतं. ते गप्पच बसणार होतं, कारण त्याच्या दृष्टीने 66 म्हणजे ठरवलेल्या 65 पेक्षा एक जास्तच. इशारा 55 वर वाजतो. तोपर्यंत आम्ही उमरगा ओलांडून कर्नाटकात पोचलो असतो, एका टायरवर दोघांचं ओझं टाकून. मी म्हटलं, गाडी घ्या बाजूला. हे म्हणाले, “अगं, हवा जास्तच दाखवतंय ना?” मी वही पुढे केली. तीस वर्षांत चढत्या खात्यातून कोण हळूच काढतंय ते आकड्यांच्या चालीवरून ओळखायला शिकले आहे.

ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरदादांनी लोखंडी सळई मागून घालून आतल्या टायरवर मारली. ठण्ण. “एकदम बढिया आहे मावशी.” 66 चा टायर ठण्णच वाजणार. पण आम्ही बाहेरचं चाक काढायला लावलं. आतल्या टायरच्या मधल्या खाचेत पत्र्याचा स्क्रू डोक्यापर्यंत रुतलेला, थुंकी लावली तर सावकाश फुगा. दोनशे रुपये, अर्धा तास, आणि पोहे. दादांनी डिस्प्ले हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि किंमत विचारली.

तेव्हा इशाऱ्याच्या भरवशावर झोपू नका, जोडी बघा. एकाच बाजूचे दोन टायर एकमेकांशी कसे वागतात त्यावर सगळं कळतं. तापमानाचंही तसंच. टोपणाचा सेन्सर बाहेर वाऱ्यात असतो, तो आतल्या हवेचं खरं तापमान दाखवत नाही, कमीच दाखवतो. पण रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरलो तेव्हा पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा अकरा अंश वर गेलं, आणि परतल्यावर त्या चाकाचा ब्रेक चिकटत असल्याचं निघालं.

आता भांडण. डिस्प्ले काचेला चिकटवायचा, वरती सोलर पट्टी. मे महिन्यात सोलापुरात बंद गाडीच्या काचेमागे काय होतं हे ज्यांनी तिथे चॉकलेट विसरलं आहे त्यांना विचारा. दुसऱ्या आठवड्यात चिकटपट्टीचा डिंक मधासारखा ओघळला आणि डिस्प्ले धप्पकन खाली. तिसऱ्या आठवड्यात त्याची पाठ फुगली, आतली बॅटरी गेली. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, प्रॉडक्ट उन्हात ठेवू नका.” मी म्हटलं, बाळा, ते उन्हावर चालतं असं तुम्हीच डब्यावर छापलंय. चार फोन आणि तीन आठवड्यांनी बदलून मिळाला. आता तो स्टँडवर लावतो, चार्जरच्या वायरीवर चालवतो, आणि गाडी उभी केली की कप्प्यात, कापडात गुंडाळून.

शिवाय मागच्या उजव्या आतल्या सेन्सरचा सिग्नल मधूनमधून जायचा, आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा. एवढ्या लांब पत्र्याच्या गाडीत हे होतंच म्हणे. मग ते डब्यातच का नाही सांगितलं? सिग्नल पुढे ढकलणारी डबी वेगळी घ्यावी लागली, मागच्या पलंगाखाली बारा व्होल्टवर जोडली. तेव्हापासून रेघा नाहीत. गाडी सुरू केल्यावर सगळे आकडे यायला पाच-सात मिनिटं लागतात, कारण उभ्या गाडीत सेन्सर झोपतात. त्यावर रागावण्यात अर्थ नाही, नाहीतर सेल महिन्यात संपतील.

हवा भरायची म्हणजे प्रत्येक वेळी चोरीविरोधी नट छोट्या पान्याने सोडवून सेन्सर काढायचा. पंपावरची रांग मागून हॉर्न मारते. आम्ही बारा व्होल्टचा छोटा पंप घेतला आणि घरीच भरतो. वेगळा काटाही ठेवला आहे, कारण एका पंपावरचं मशीन आमच्या काट्याशी चार पीएसआयने भांडत होतं.

2020 च्या नियमाप्रमाणे साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, असं यंत्र आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. पुतण्याने लगेच सुचवलं, स्टेपनी काढा, तिथे आणखी एक पाण्याची टाकी बसेल. मी त्याला मोहोळच्या दोन टायरांचं बिल दाखवलं. उलट स्टेपनीसाठी सातवा सेन्सर मागवला आहे. ती गाडीच्या पोटाखाली लटकते, तिची हवा तर कुणीच बघत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला सिग्नलच्या डबीचा, अर्धा डिंकाचा. फोनवरच्या मुलाचा कापणार होते, पण दुसऱ्या वेळी त्याने स्वतःहून फोन करून पार्सल पोचलं का विचारलं.