एनडी1000 म्हणून घेतला, निघाला सहा स्टॉपचा

वांद्र्याच्या बँडस्टँडवरून सी लिंक, आणि खाली खडकांभोवती धुक्यासारखं पसरलेलं पाणी. हा फोटो मला कधीपासून हवा होता. त्यासाठी फोर्टातल्या एका दुकानातून 77 मिमीचा एनडी1000 घेतला, म्हणजे उजेड कमी करण्यासाठी लेन्ससमोर लावायचा गडद काचेचा फिल्टर, 3,200 रुपये रोख. "बिल केलं तर महाग पडेल, साहेब," असं दुकानदार म्हणाला आणि मी बिल सोडून दिलं. ती माझी मोठी चूक.

संध्याकाळी ट्रायपॉड लावला. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर एफ/11, फिल्टरशिवाय शटर 1/15 सेकंद. एनडी1000 उजेड हजार पटीने कमी करतो, म्हणजे शटर मिनिटभराहून जरा जास्त उघडं हवं. पहिला फोटो पांढराफेक आला. वेळ कमी करत चार सेकंदांवर आलो तेव्हा कुठे समुद्र दिसला. चार सेकंद म्हणजे साठेक पट, सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). फिल्टरच्या कडीवर छापलेले दहा स्टॉप, म्हणजे हजार पट, सरळ खोटे होते. शिवाय बँडस्टँडचा काळाकभिन्न खडक तांबूस आला! हलक्या प्रतीची काच दिसणारा उजेड अडवते, पण इन्फ्रारेड आत सोडते, आणि ते काळ्या रंगात लगेच उमटतं.

फोन केला तर दुकानदार म्हणाला, "आयएसओ 50 ला घ्या, सगळं बरोबर होईल." त्याच्या सांगण्यावरून दुसरी संध्याकाळही गेली. माझ्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ 100 आहे. 50 हा वाढीव पर्याय: सेन्सरवर एक स्टॉप जास्त उजेड घ्यायचा आणि नंतर चित्र तेवढंच गडद करायचं. त्यामुळे उजळ भागाला मोकळीक कमी उरते. लाटांचा फेस जळून सपाट पांढरा झाला, रॉ फाइलमधूनही (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतूनही) परत आला नाही. आणि मला कमी पडत होते चार स्टॉप, एक नव्हे.

फिल्टर घेऊन गेलो, तर "हा आमचा मालच नाही" म्हणाला. बिल नव्हतं, पुढे काय बोलणार? 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करतानाही हातात कागद नव्हता.

दुसरा फिल्टर दुसऱ्या दुकानातून घेताना ट्रायपॉड सोबत नेला. दाराबाहेरच्या सावलीतल्या भिंतीवर फोकस केला, मॅन्युअलवर आलो, आधी फिल्टरशिवाय 1/60, मग फिल्टर लावून 16 सेकंद, म्हणजे जवळपास हजार पट. दोन्ही फोटोंत भिंत सारखीच उजळ, आणि माझी काळी बॅग काळीच. तो दुकानदार न कुरकुरता थांबला, आणि बिल त्याने स्वतःहून केलं.