बंद पडलेली केबल: उपसून काढायची की जागेवर ठेवायची?

जुन्या ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवर किंवा डक्टमध्ये डोकावलं की वापरात नसलेल्या केबली दिसतातच. त्यांचं काय करायचं हे ठरवताना लोक आधी खर्च विचारतात. मी आधी विचारेन, तिथे हात पोचतो का?

पोचत असेल, तर काढलेली बरी. पीव्हीसीचं आवरण आगीत जळालं की दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराईड हा विषारी वायू सुटतो. शिवाय गर्दीत चालू केबली जास्त तापतात आणि पुढे बिघाड शोधणारा वायरमन गोंधळतो. मात्र काढण्याच्या कामातच धोका जास्त. जोर लावून ओढताना शेजारच्या चालू केबलचं आवरण सोलून निघतं. जुनं रबरी आवरण तर नुसतं वाकवलं तरी तडकतं. शिशाचं आवरण किंवा ॲस्बेस्टॉसचा संशय असेल, तर तज्ज्ञाने तपासेपर्यंत हात लावू नका. आणि केबल निघाल्यावर भिंतीत, स्लॅबमध्ये उरलेली भोकं आगरोधक साहित्याने बुजवायची. हे कोटेशनमध्ये आहे का, आवर्जून बघा.

प्लास्टरमध्ये गाडलेली केबल मात्र तोडफोड करून काढण्यात अर्थ नाही. ती ठेवा, पण दोन्ही टोकं सोडवून, बंद जंक्शन बॉक्समध्ये घेऊन, कुठून कुठे जाते याची पट्टी लावून. नुसता एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडून ठेवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. कुणीतरी, कधीतरी, तो वर करतोच.

दोन्हींत एक काम टळत नाही: केबल खरंच बंद आहे हे सिद्ध करणं. रंगावर किंवा जुन्या नकाशावर भरवसा नको. केबलला न टेकवता चालणारा पेन टेस्टर आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेल्या, केबलवर ती चालू असली तरी गप्प बसू शकतो. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू लाईनवर, मग या केबलवर, मग पुन्हा चालू लाईनवर लावून बघायचा. मेन बंद असला तरी जनरेटर किंवा यूपीएसकडून उलटा पुरवठा येऊ शकतो. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी दोन सर्किटांना एकच न्यूट्रल असतो. एका सर्किटचा फेज बंद करून तो न्यूट्रल तोडला, तर दुसऱ्या सर्किटचा करंट हातातून जाऊ शकतो. त्यामुळे हे काम परवानाधारक वायरमनचंच, आणि स्विचला कुलूप घालून.

अर्धी ट्रेवर, अर्धी भिंतीत असलेली केबल? भिंतीत शिरते तिथे कापा, बाहेरची काढा, आतलीच्या दोन्ही टोकांना बॉक्स आणि पट्टी.